पावणेपाचची तिथी

“जयंती, दुसऱ्याला तिथी सांगायची झाली तर पंचांग दोनदा बघायचं. आपण चुकलो तर आपला एकटीचा उपास मोडतो. आपल्या सांगण्यावरून दुसरीचा मोडला, तर तो आपल्या माथी.”

जयंतीबाईंच्या सासूबाई समईच्या वाती वळता वळता हे सांगायच्या. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली, पण मुलुंड पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत तो शब्द अजून तसाच खणखणीत होता. जयंतीबाई पंचांग दोनदा बघत, आणि मनाची खात्री व्हावी म्हणून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर तिसऱ्यांदा. अशा बाईमुळे शेजारणीचा एकवीस वर्षांचा उपास मोडावा, आणि तोही त्या तोंडातून शब्द काढत नसताना, ही गोष्ट सांगून कुणाला पटायची नाही. म्हणून ती पहिल्यापासून सांगायला हवी.

पहिल्यापासून म्हणजे भजनी मंडळापासून. मंडळातल्या निम्म्या बायकांना कॅलेंडरावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती, आणि उरलेल्या निम्म्यांना दिसत होती पण चष्मा सापडत नव्हता. त्यामुळे “आज काय गं?” असे फोन जयंतीबाईंना रोज सात-आठ येत. उठल्यापासून पूजा होईपर्यंत, म्हणजे सकाळी सातपर्यंत, त्यांचं मौन. फोन वाजत राही आणि त्या त्याच्याकडे बघून हात जोडत. तिसऱ्या मजल्यावरच्या सुशांतच्या हे कानावर आलं. सुशांत प्रोग्रॅम लिहिणारा. मुलगा गुणी, फक्त सकाळच्या उन्हाशी त्याची ओळख नव्हती. तो म्हणाला, काकू, आपण एक नंबर घेऊ. त्यावर कुणीही फोन केला की त्या दिवसाची तिथी, उपास, चंद्रोदय सगळं तुमच्याच आवाजात ऐकू येईल. एकदा वर्षभराचं रेकॉर्ड करून टाकायचं की झालं.

“एकदा करून टाकायचं की झालं” हे वाक्य ज्या ज्या कामाच्या आरंभी उच्चारलं जातं, ते काम त्या वाक्याचा सूड घेतल्याशिवाय राहत नाही. नंबर संस्थेच्या नावावर मिळणार होता आणि मंडळ ही संस्था नव्हती. त्या नुसत्या गुरुवारी साडेतीनला जमणाऱ्या बायका होत्या. मग लेटरहेड आलं, शिक्का आला. पत्ता सोसायटीचा, म्हणून सोसायटीचा ठराव आला. सेक्रेटरी मधुकरराव पालिकेतून निवृत्त झालेले, पण पालिका त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नव्हती. त्यांनी रीतसर सभा बोलावली. सभेला चार माणसं आली, म्हणून गणसंख्येअभावी ती तहकूब झाली. त्याच चार माणसांनी त्याच खुर्च्यांवर अर्धा तास चहा घेतला आणि मग त्याच चार माणसांची सभा नियमाप्रमाणे कायदेशीर झाली. जयंतीबाईंना या चमत्काराचं इतकं नवल वाटलं की त्यांनी मनातल्या मनात सहकार कायद्याला नमस्कार केला.

रेकॉर्डिंग कपाटात झालं. सुशांतने सांगितलं होतं की कापडांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून जयंतीबाई रोज दुपारी कपाटाचं दार उघडून साड्यांच्या घडीत तोंड घालत आणि आपल्या त्या हळुवार आवाजात आगामी वर्ष सांगत. शेजारच्या बाईंनी एकदा खिडकीतून हे पाहिलं आणि संध्याकाळी येऊन, काही त्रास असेल तर मन मोकळं करावं, साड्यांना सांगू नये, असं सुचवलं. तीनशेचौपन्न दिवस नीट उतरले. एका निर्जला एकादशीत मात्र खालून हातगाडीवाल्याची “कांदा-बटाटा” अशी आरोळी कायमची शिरली. ती काढायचं सुशांतच्या यादीत होतं.

आता सुशांतने हा नंबर बांधला कशावर? तर पवईच्या एका कंपनीच्या तयार सोयीवर. ही कंपनी सुशांतसारख्या लोकांना लागणारी अवजारं बनवते. विटा, चुना त्यांचा, घर तुम्ही बांधा, तसं. आणि त्याच कंपनीत जयंतीबाईंची सून इरावती होती. मुलगा कामानिमित्त पुण्याला, त्यामुळे घरात या दोघीच.

इरावतीच्या हुद्द्याला डेव्हलपर अॅडव्होकेट म्हणतात. त्या नावावरून बिल्डर आणि वकील यांचे जे विनोद व्हायचे ते लग्नाच्या मांडवातच होऊन संपले होते. प्रश्न उरला होता तो वेगळाच: ही मुलगी करते काय? प्रोग्रॅम लिहिते म्हणावं, तर ते लिहिणारे दुसरे. माल विकते म्हणावं, तर तेही दुसरे. महिन्यातून दोनदा कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन भाषण करते, येताना तिथल्या पोरांच्या तक्रारी वहीत लिहून आणते, आणि एक टी-शर्ट. मधुकररावांनी एकदा तिला जिन्यात गाठून कामाचं स्वरूप विचारलं. ती म्हणाली, आमची अवजारं वापरणाऱ्यांना ती समजावून सांगते, आणि त्यांना काय टोचतं ते आमच्या लोकांना समजावते. मधुकरराव म्हणाले, म्हणजे आवक-जावक. हळदीकुंकवाला जयंतीबाईंना कुणी विचारलं तर त्या “कंपनीत आहे” एवढंच सांगत आणि वाटली डाळ पुढे करत. मनातून त्यांना वाटे, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं तर होत नसेल ना पोरीचं?

गुढीपाडव्याला नंबर सुरू झाला आणि पंधरा दिवसांत मुलुंडभर पसरला. जयंतीबाईंचा आवाज लोकांना आवडला. त्यांचा हळू बोलण्याचा स्वभाव असा की समोरच्या माणसाला एरवी कान पुढे करावा लागे; फोनवर तो आपोआप कानातच जाई. त्यांना थोडा अभिमान झाला. तो त्यांनी लगेच देवापुढे ठेवला, पण अभिमान असा ठेवून राहत नाही, तो मागून येतो.

म्हणून त्या समोरच्या इमारतीतल्या विमलाबाईंकडे गेल्या. विमलाबाई मूळ मालवणकडच्या, सत्तरी पार केलेल्या. नवरा गुणाजी गिरणीत होता. पहिल्या पाळीचा डबा द्यायला त्या चारला उठत. गिरणी गेली, गुणाजी गेला, पण चारची जाग गेली नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा. एकवीस वर्षांत त्यांची एकही संकष्टी चुकली नव्हती. गुणाजी आजारी असताना धरलेली, तो गेल्यावरही सोडली नाही. जयंतीबाईंनी त्यांच्या फोनवर नंबर घालून दिला आणि आपल्या स्वभावाला न शोभेल इतक्या ठामपणे सांगितलं, आता कुणाला विचारायला नको, बटण दाबा, जे ऐकू येईल ते खरं.

चौथ्या दिवशी संकष्टी होती. विमलाबाईंनी पहाटे उठून बटण दाबलं. जयंतीबाईंचा गोड आवाज म्हणाला, आज चैत्र वद्य तृतीया, आज उपास नाही. विमलाबाईंनी कांदा चिरून पोहे केले आणि पोटभर खाल्ले. अकराच्या सुमाराला फुलवाल्याने विचारलं, आजी, आज दुर्वा नेत नाही?

त्या भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आल्या, खुर्चीवर टेकल्या, पाणी नको म्हणाल्या.

“जयंती, माझो उपास मोडलो,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आवाजान सांगल्यान म्हणान मी मानलंय. दुसऱ्या कोणी सांगला असता तर परत इचारलं असतंय.”

जयंतीबाईंनी त्यांच्यासमोर नंबर लावला. आवाज म्हणाला, आज चैत्र वद्य चतुर्थी, संकष्टी, चंद्रोदय अमुक वाजता. विमलाबाईंनी ऐकलं, त्या उठल्या आणि जिना उतरून गेल्या. खोटं सांगून पुन्हा खरं सांगणारा आवाज हा नुसत्या खोट्यापेक्षा वाईट, हे त्यांच्या पाठीकडे बघूनच जयंतीबाईंना कळलं. त्या दिवशी चंद्र उगवला तरी जयंतीबाईंनी आपला उपास सोडला नाही.

मग तपास सुरू झाला. सुशांतने सकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, साडेदहाला फोन लावला: बरोबर. दुपारी लावला: बरोबर. मधुकररावांनी कार्यकारिणीच्या बैठकीत संध्याकाळी सात वाजता, सर्वांसमक्ष, स्पीकरवर लावला: बरोबर. त्यांनी इतिवृत्तात नोंद केली की यंत्रणा निर्दोष असून तक्रारदार महिलेची श्रवणशक्ती तपासून घेण्यात यावी. पहिल्या मजल्यावरून सल्ला आला की फोनला लिंबू-मिरची बांधा. दुसऱ्यावरून, की विमलाबाई एकट्या राहतात, वयपरत्वे होतं. जयंतीबाई हे सगळं ऐकत होत्या आणि आतून वाळत चालल्या होत्या. विमलाबाई डोळ्यांनी अधू होत्या, कानांनी किंवा मनाने नव्हत्या. म्हणजे खोटं आपणच बोललो. कसं बोललो ते कळत नव्हतं, एवढंच.

इरावती बंगळूरहून परतली ती बॅग दारात ठेवून हे सगळं ऐकत उभी राहिली. तिने एकही सल्ला दिला नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, “विमलाआजी फोन करतात कधी?”

इतक्या माणसांनी इतक्या वेळा यंत्र तपासलं होतं, मधुकररावांनी तर ठरावासकट तपासलं होतं, पण विमलाबाई फोन कधी करतात हे कुणी विचारलंच नव्हतं.

“मग उद्या जाऊन बघू,” इरावती म्हणाली. “त्या काय करतात ते त्यांच्या शेजारी बसून बघायचं. मधे बोलायचं नाही. माझं निम्मं काम तेच आहे, आई.”

ही मुलगी साडेआठच्या आत उठल्याचं त्या घराला ठाऊक नव्हतं. पाच गजर लागले आणि पाचव्याला ती उठली. साडेचारला दोघी रस्ता ओलांडून गेल्या. जयंतीबाईंचं मौन चालू, त्यामुळे दार विमलाबाईंनी उघडलं तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले. विमलाबाईंनी इरावतीकडे बघून विचारलं, हिका काय झाला? इरावतीने सांगितलं. “बरां आसा,” विमलाबाई म्हणाल्या, “आज तरी खोटा बोलाची नाय.”

इरावती ओट्याशेजारी पाटावर बसली. विमलाबाईंनी चूल पेटवावी तसा गॅस पेटवला, आधण ठेवलं, पदराला हात पुसला आणि सवयीने बटण दाबलं. पावणेपाच झाले होते. त्या दिवशी सप्तमी होती. जयंतीबाई घरून दोनदा बघून निघाल्या होत्या.

“नमस्कार,” फोनमधून जयंतीबाई म्हणाल्या. “आज चैत्र वद्य षष्ठी.”

आणि खऱ्या जयंतीबाई ओट्याला टेकून, तोंड घट्ट मिटून उभ्या होत्या. आपण गप्प आहोत आणि आपलाच आवाज समोर शांतपणे, मधुर स्वरात, असत्य सांगतो आहे, असा प्रसंग पुराणातही कुणावर आला नसेल. त्यांना हाताने “नाही, नाही” करण्यापलीकडे काही करता येईना. विमलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा, फोनकडे एकदा पाहिलं आणि तिघांनाही, म्हणजे दोन्ही जयंतींना आणि इरावतीला, चहा विचारला.

इरावती मात्र हलली नाही. तिने दर दहा मिनिटांनी तोच नंबर लावला. पाच: षष्ठी. पाच-दहा: षष्ठी. पाच-वीस: षष्ठी. साडेपाचचा ठोका पडला आणि आवाज त्याच गोडव्याने म्हणाला, आज चैत्र वद्य सप्तमी.

इरावती हसली नाही, ओरडली नाही; तिने डोळे मिटले आणि कपाळावर हलकेच हात मारला. मग विमलाबाईंना समजावलं. आमच्या सोयीतलं घड्याळ ग्रिनिचचं आहे, आजी. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. तोवर यंत्राच्या लेखी काल संपलेलाच नसतो. तुम्ही बरोबर ऐकलंत. चुकलं ते आमचं.

“म्हणजे गोऱ्यांचो काल माझ्या आजवर येऊन बसलो,” विमलाबाई म्हणाल्या. “आणि हे सगळे माका बहिरी म्हणत होते, ते साडेपाचापर्यंत निजलेले.”

वाती वळताना गुंत्यातून एकदम धागा हाती लागावा तसं जयंतीबाईंना झालं होतं. तीन दिवस सगळे यंत्राकडे बघत होते. ही पोर माणसाकडे बघत बसली, आणि यंत्र आपणहून कबूल झालं.

गोष्ट इथे संपली असती, पण सुशांतला उत्साह आला. कंपनीच्या त्या तयार सोयीत “मी मुंबईत राहतो” असं सांगायची जागाच नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याने सगळी रेकॉर्डिंग एक दिवस पुढे सरकवली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेची तिथी बरोबर केली. साडेपाचनंतर उठणाऱ्या उरलेल्या मुलुंडला मात्र आता उद्याची तिथी ऐकू येऊ लागली. मधुकररावांनी दशमीला एकादशी केली. मग एकादशीला, पत्नीच्या पंचांगाप्रमाणे, पुन्हा एकादशी केली. दोन दिवस साबुदाण्यावर राहिलेल्या सेक्रेटरीचा मजकूर सूचनाफलकावर लागला तो तीन परिच्छेदांचा होता आणि त्यात “मानसिक व पचनविषयक क्लेश” असे शब्द होते. जयंतीबाई त्या फलकासमोरून डोक्यावर पदर घेऊन जात.

इरावतीने सुशांतला एका शब्दाने दुखावलं नाही. त्याच्याकडून सगळं परत जागच्या जागी लावून घेतलं आणि, घड्याळ ग्रिनिचचं का ठेवलं होतं, त्यामागे कुणाची कोणती अडचण होती, तेही त्याला सांगितलं. ऐकून वाटावं, ही कंपनीची माणूस. आणि दुसऱ्या दिवशी घरूनच तिची कंपनीच्या मोठ्या साहेबांशी बैठक होती, तेव्हा जयंतीबाई आत डाळ निवडत होत्या. साहेबांचं नाव देवव्रत. आवाज तुटक, घाईतला.

“किती जणांना त्रास आहे हा?” त्यांनी विचारलं.

“आपल्याला माहीत असलेल्यांत एकीला.”

“एकीसाठी काम थांबवायचं?”

“सर, ती एक आपल्याला भेटली ती माझ्या घरासमोर राहते म्हणून. पहाटे पावणेपाचला अख्खा देश झोपलेला नसतो. दूधवाले उठलेले असतात, एसटीचे ड्रायव्हर असतात, दवाखान्यात नंबर लावणारे असतात. त्या सगळ्यांना आपण कालचा दिवस सांगतोय. ते तक्रार करत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपलंच ऐकण्यात चुकलं. या बाईंनाही शेजाऱ्यांनी तेच सांगितलं.”

जयंतीबाईंच्या हातातला खडा हातातच राहिला. पगार त्यांचा खाते, आणि त्यांच्याच तोंडावर विमलाबाईंची बाजू मांडते. काल सुशांतपुढे तितक्याच निष्ठेने कंपनीची मांडत होती. लबाडी म्हणावी, तर दोन्हीकडे एक अक्षर खोटं नव्हतं. ही दोन्ही घरची पाहुणी खरी, पण तिच्यामुळे उपाशी कुणीच राहत नव्हतं. इतकी वर्षं आपण या कामाला “कंपनीत आहे” म्हणून झाकून ठेवलं, याची त्यांना शरम वाटली.

साहेबांनी मान्य केलं. सोयीत गाव सांगायची जागा होणार, पण तपासून बाहेर यायला तीन आठवडे. तोवर दुसरं कुणी ठेचकाळू नये म्हणून इरावतीने सोयीच्या माहितीपत्रकात एक परिच्छेद लिहायला घेतला. तो तिने जयंतीबाईंना मराठीत चार वेळा सांगितला. जिथे त्यांची भुवई चढली ते वाक्य खोडलं. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, “आता कळलं.” मगच तो गेला. जगभरातली पोरं तो वाचणार होती. साड्यांच्या कपाटात सुरू झालेली गोष्ट कुठल्या कुठे निघाली होती.

राहिल्या विमलाबाई. संध्याकाळी दोघी त्यांच्याकडे गेल्या. इरावतीने विचारलं, मोडलेल्या उपासाचं काय केलं म्हणजे भरून निघेल?

“ता माझा आणि गणपतीचा, आमी बघू,” विमलाबाई म्हणाल्या. “माका सांग, उद्या सकाळी मी कोणाचा आयकू? डोळ्यांक दिसना नाय, यंत्राचो इश्वास नाय, आणि ही तुझी सासू सातापर्यंत मुकी.”

“दुरुस्त होईपर्यंत मी फोन करून सांगेन.”

“फोनार नको. फोनारच फसलंय मी.”

इरावतीने एकदा जयंतीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग मी येऊन सांगेन. रोज, पावणेपाचला. तीन आठवडे.”

विमलाबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. पाच गजरांची हकिगत त्यांना कळलेली होती. “बघूया,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जयंतीबाई चारला उठल्या, आंघोळ करून देवापुढे बसल्या. साडेचारला आतल्या खोलीत गजर झाला आणि बंद झाला. थोड्या वेळाने दुसरा झाला, तोही बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. घड्याळात पावणेपाचला दहा मिनिटं उरली, नऊ उरली. जयंतीबाईंचं बोट जपमाळेच्या एकाच मण्यावर थांबून राहिलं.

आठ मिनिटं उरली असताना दाराची कडी हळूच सरकली. इरावती कधी उठून तयार झाली होती देव जाणे. केस कसेबसे बांधलेले, अंगात कुठल्याशा परिषदेचा टी-शर्ट, काखेत पंचांग. कुणाची झोप मोडू नये म्हणून तिने चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरली.

जयंतीबाई खिडकीशी आल्या. खाली फाटक किरकिरलं. इरावतीने चपला पायात घातल्या, रिकाम्या रस्त्यावर उगाच दोन्हीकडे बघून घेतलं आणि पलीकडे गेली. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर विमलाबाईंचं दार उघडंच होतं, आणि उंबऱ्याच्या आत एक पाट मांडलेला दिसत होता.